खोडरबर आत्याची दुरुस्ती

नातवंडांनो, काल फोनवर तुम्ही म्हणालात, शाळेत संगणकाची भाषा शिकवतात आणि आपण मठ्ठ असल्यामुळे ती जमत नाही. म्हणून आजच तुम्हांला खोडरबर आत्याबद्दल लिहिते आहे.

ही तुमच्या आजोबांची थोरली बहीण. शिळी झालेली सूचना तिला बघवत नसे. इथे इस्रायलमध्ये, हैफाच्या दवाखान्यात डॉक्टरांची वेळ बदलूनही दारावरचा कागद तसाच राहिला, की हिच्या पर्समधून पेन्सिल निघे. नर्स ओरडली तर म्हणे, "तुझंच काम करत्ये गो, आभार तरी मान!" माझ्या स्वयंपाकघरातल्या एका डब्यावर तिने लिहून ठेवलं होतं, 'इथे हळद होती.'

नोकरीतून निवृत्त झाल्यावर तिला संगणकाचा नाद लागला. तुमच्या बाबांनी, म्हणजे दानीने, तिला एक भाषा आणून दिली. ती कुठल्या कंपनीची नव्हती. जगभरचे हौशी लोक ती फुकट घडवत, तिचं माहितीपुस्तकही तेच लिहीत, आणि चूक दिसली तर कोणीही कळवावी. आत्याने पहिला धडा शब्दन्‌शब्द करून पाहिला. चालेना. दानी हसला. "दोदा, तुझं आता वय झालं." हिब्रूत आत्याला दोदा म्हणतात. त्या दिवशी ती जेवली नाही.

आठवड्याने मला फोन आला. "सारा, माझं नाही, पुस्तकाचं वय झालंय! धड्यातली आज्ञा नव्या आवृत्तीतून कधीच काढून टाकल्ये."

तिने दुरुस्ती पाठवली. पुस्तक सांभाळणाऱ्या दूरदेशीच्या गृहस्थांनी कळवलं, "माझ्याकडे तर धडा चालतो." त्यांच्याकडे जुनीच आवृत्ती होती! शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावायला आम्ही तिच्याकडे जमलो, तेव्हा त्यांचा निरोप आला: उद्या दुपारपर्यंत पटवा, नाहीतर धडा आहे तसा राहील.

शब्बाथ हा विश्रांतीचा दिवस; शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत आत्या यंत्राला हात लावत नसे. दानी म्हणाला, "मी लिहितो ना तुझ्या नावाने."

"भांडण माझं आणि बोटं तुझी? काही नको."

दिवे लावण्याआधी तिने घाईने एवढंच लिहिलं: "नवी आवृत्ती घाला आणि धडा लिहिल्याप्रमाणे करून पाहा. उद्या तीन तारे दिसले, की मी येते." आणि यंत्र बंद केलं.

ही चर्चा कोणालाही वाचता येई. दानीने शनिवारी आपल्या घरी उत्तर वाचलं आणि धावत आला. "दोदा, ऐक तरी!"

"शब्बाथ आहे. कामाची बातमी नको."

तारे दिसले, शब्बाथ संपल्याची प्रार्थना झाली. मग तिने मुद्दाम चहा टाकला आणि त्यात घालायला गवती चहा शोधत बसली. दानीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. अखेर तिने यंत्र उघडून त्या गृहस्थांचं उत्तर वाचलं: "बाई, तिसऱ्या ओळीत मीच अडकलो. तुमच्यासाठी काम थांबवून ठेवलंय. पण हे तीन तारे म्हणजे तुमची कमिटी आहे का?"

"कळव त्यांना," हसता हसता चहा सांडत आत्या दानीला म्हणाली, "हो, आणि ती फार वर बसते!"

दुरुस्ती झाली, शिवाय आत्याने हट्टाने धड्याच्या सुरुवातीला एक वाक्य घालून घेतलं.

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. धडा कितीदा बदलला, तिने सुचवलेली आज्ञाही जुनी होऊन निघाली. तिने स्वतःच खोडली असती. वाक्य मात्र अजून तिथे आहे: "लिहिल्याप्रमाणे करून जमलं नाही, तर आधी चूक आमची समजा आणि आम्हांला कळवा."