उघडी मूठ

बुधवार पेठेत सायकली दुरुस्त करणारा मन्सूर तरुणपणी बॉक्सर होता. त्याच्या मते हेवीवेट चॅम्पियनांत मर्द एकच, हातमोज्यांशिवाय, उघड्या मुठीनं लढलेला सलिव्हन. नंतरचा डेम्प्सी म्हणजे हातमोजे घालून मिरवणारा जावई.

‘डेम्प्सीनं तुझ्या सलिव्हनचा जबडा मोडला असता,’ एकदा त्याचा रिंगमधला जुना वैरी यज्ञेश्वर दुकानात येऊन म्हणाला.

मन्सूरनं पाना टाकला आणि त्याच्या तोंडावर उघडी मूठ हाणली. यज्ञेश्वरनं जुन्या सवयीनं हनुवटी छातीशी नेली, मूठ कपाळावर बसली. कपाळातून रक्ताची धार लागली, पण कडकन मोडली ती मन्सूरची बोटं.

‘हातमोजे हात वाचवायला असतात,’ रक्त पुसत यज्ञेश्वर म्हणाला.

संध्याकाळी बायकोनं, नसीमनं, मन्सूरला घास भरवत विचारलं, ‘त्या सलिव्हनला कोण भरवायचं?’