आधी पोट, मग डोळे

आधी दारातून एक पिशवी आत आली. ती येतच राहिली. सासूबाईंना वाटलं, कोणी बिऱ्हाड घेऊन राहायलाच आलंय. पिशवी संपल्यावर मागून वैद्यबुवा आले. गुडघे टेकून त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला, डोळे मिटले आणि इतका वेळ तसेच राहिले, की सासूबाई तोंडावर मारायला पाणी घेऊन धावल्या. ते पाणी बुवा पिऊन मोकळे झाले आणि म्हणाले, "पंख्याला दम लागतोय."

बुवांचा जन्म दुरुस्तीत गेला. रेडिओ गेले, टीव्ही आले, मग कॉम्प्युटर आले. स्क्रू-ड्रायव्हर मात्र तोच. रोग सांगायची भाषाही तीच, म्हणून हे टोपणनाव.

सूनबाई घरांचे नकाशे काढायची. नोकरी सोडून तिने घरीच टेबल मांडलं होतं आणि तिचं स्वतःचं पहिलं गिऱ्हाईक रविवारी अकराला येणार होतं. नवरा-बायको आपलं दुमजली घर पडद्यावर आतून फिरून बघणार आणि काम द्यायचं की नाही ते ठरवणार. पण तिचा कॉम्प्युटर जिन्यापाशी आला की पायरीपायरीवर मुक्काम करायचा.

"काका, नवीन ग्राफिक्स कार्ड तेवढं बसवून द्या."

"डोळे बसवीन गं. पण त्यांना खायला कोण घालणार? तुझा पॉवर सप्लाय अर्धपोटी आहे. आधी पोट, मग डोळे."

शनिवारी दुपारी जुना पॉवर सप्लाय बाहेर निघाला, त्याच्यासोबत मूठभर धूळही.

"माझ्या घरात एवढी धूळ नसते," सासूबाई म्हणाल्या.

"नसणारच. सगळी इथे राहायला आली होती."

नवा सप्लाय बसला. विटेएवढं कार्डही खट्कन आपल्या खाचेत बसलं. पंखे फिरले, पडदा उजळला. "ठणठणीत!" म्हणून बुवा घरी गेले.

सूनबाईने पडद्यावर ते घर उघडलं. पहिली पायरी. मुक्काम. दुसरी पायरी. मुक्काम.

अर्ध्या तासात बुवा परत हजर. त्यांनी कार्ड काढून पुन्हा बसवलं, आतली एकेक वायर चाचपली, दोनदा कान लावला. दोन तास गेले.

"काका, उद्या मी त्यांना जिन्यात बसवून गप्पा मारू का?" सूनबाईचा आवाज रडवेला झाला होता.

एवढ्यात फडकं घेऊन टेबलामागे शिरलेल्या सासूबाई म्हणाल्या, "बुवा, नव्या कार्डाची भोकं सगळी रिकामी कशी? पडद्याची वायर तर वरच्या जुन्याच भोकात आहे."

बुवांनी टेबलामागे डोकं घातलं. "तिथवरच येत होतो मी."

"हो? कितव्या पायरीवर होतात?"

वायर खालच्या भोकात गेली आणि जिना लोण्यासारखा वर गेला.

रविवारी बुवा 'सहज' आले आणि डब्याकडे कान करून कोपऱ्यात बसले. गिऱ्हाईक जिना चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. कुठेही अडखळलं नाही. बुवांनी कॉलर नीट केली.

"काम तुम्हीच करा," गिऱ्हाईक बाई सूनबाईला म्हणाल्या. "पण या एकोणीस पायऱ्या रोज कोण चढणार? वरचा मजला काढून टाका."

घर बैठं बांधलं गेलं.