उजवा हात वर

"नमस्काराला हातावर हात ठेवताना डावा हात वर, उजवा खाली; आनंदाच्या घरी एवढं जमलं तरी माणूस शहाणा म्हणायचा," असं लाय देरुन म्हणायचा. डावा यांग, उजेडाची बाजू; उजवा यिन, सावलीची. सुतकाच्या घरी उलटं. लाय कुळाच्या पूर्वजांच्या पूजेत पुकारा त्याचाच: उठा, गुडघे टेका, वाका. तीस वर्षं गाव त्याच्या आवाजावर वाकत आलं होतं.

पण तापानं फणफणलेलं पोर घेऊन बाया धावायच्या त्या शुआनबोकडे. शुआनबो त्याचा धाकटा चुलतभाऊ, ताओपंथी पुजारी.

"यांग थोरला नि यिन धाकटा, हे तुमच्या कन्फ्यूशियसच्या घरचं, दादा," तो म्हणायचा. "माझ्याकडे दोघं एकमेकांच्या पोटात राहतात."

बाया हसायच्या. त्याच्या मंत्रांना रडायच्यासुद्धा. देरुनच्या पुकाऱ्याला कधी कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. हे त्याला जेवतानाही खुपायचं.

यंदा हिवाळ्यातल्या मोठ्या पूजेचा पुकारा शुआनबोला द्यावा, अशी कुजबुज उठली. कुळप्रमुखानं देरुनला बोलावलं.

"परवा त्याची साठी. सगळ्यांसमोर त्याला नीट नमस्कार कर. तुझ्या मनात काळं नाही एवढं लोकांना दिसू दे, पुकारा तुझाच."

"मनातलं काय दिसतं, काका?"

"तुझं तर कपाळावर दिसतं."

साठीला अंगण भरलं होतं. लाल रंगवलेली अंडी, लांबच लांब शेवया. शुआनबोच्या पायांत नवे कापडी जोडे होते. गावातल्या प्रत्येक बाईनं त्यांना एकेक टाका घातला होता. देरुनची नजर त्या टाक्यांवर अडकली. त्याचे जोडे बाजारचे होते.

तो पुढे झाला. शुभेच्छा अस्खलित म्हटल्या, हात जुळवले आणि कमरेत खोल वाकला.



"अगं बाई!" एक म्हातारी ओरडली. "हा तर सुतकातला नमस्कार!"

देरुननं खाली पाहिलं. उजवा हात डाव्यावर होता, घट्ट.

कुळप्रमुखानं डोळे मिटून घेतले. शुआनबो मात्र खळखळून हसला. "असू दे हो दादा! मला दोन्ही हात सारखेच. बसा, शेवया गार होतायत."

त्यानं स्वतः वाडगा आणून पुढे धरला. बायांचे डोळे भरून आले, पुन्हा त्याच्यासाठीच.

देरुननं हात सोडवले, बाह्यांत खुपसले आणि दाराबाहेर पडला.