पांदण म्हणा, धरसा म्हणा

दुर्ग माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे, असं माझा पोरगा सांगते. स्कूटीनं. मले पायानं दुर्गातल्या बहिणीच्या दारापर्यंत सव्वा तास लागते, आणि तो सव्वा तास मी कोणाले देणार नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मले समजवाच्या भानगडीत कोणी पडू नये. डॉक्टरनं पडून पाहिलं, सुनेनं पडून पाहिलं. गुडघे माझे आहेत, दुखतात तेही मलेच दुखतात.

भिलाई म्हणजे काल-परवाचं गाव. कारखाना आला, सेक्टर पडले, घरायले नंबर लागले आणि झालं शहर. दुर्ग तसं नाही. दुर्गात किल्ला होता म्हणतात, त्याच्या मातीवर आता घरं चढली आहेत, पण बाजार तोच जुना. पहिले आजूबाजूच्या सगळ्या गावच्या पायवाटा तिकडेच जायच्या. आम्ही त्यातल्याच एका वाटेची माणसं.

माझा बाप भिलाई-३ स्टेशनाले रेल्वेत कीमॅन होता. खांद्यावर हातोडा घेऊन रोज रुळाच्या चाव्या ठोकत कोसभर जायचा आणि कोसभर यायचा. सुट्टीच्या दिवशी माणसानं पाय पसरून पडावं की नाही? नाही! सुट्टीच्या दिवशी आम्हा दोघी बहिणींले घेऊन हा पुन्हा चालायले निघायचा, दुर्गाले, मावशीकडे. रुळाच्या कडेनं सरळ जाता आलं असतं, पण पोरींले त्यानं रुळावर कधी पाय ठेवू दिला नाही. शेतातून न्यायचा. दोन्हीकडे धानाच्या बांध्या, आणि मधात एक बैलगाडी जाईल एवढी वाट. आमच्या भंडाऱ्याकडे अशा वाटेले पांदण म्हणतात. आम्हीही पांदणच म्हटलं. "रूळ सरकारचे, पांदण सगळ्यायची," असं बाप म्हणायचा, आणि लाखोरीची कोवळी भाजी खुडून आमच्या फ्राकच्या खिशात भरायचा.

मंग आमची लग्नं झाली. मोठी बहीण, तिले आम्ही बाई म्हणतो, दुर्गात जुन्या वस्तीत पडली. मी भिलाईत. माझा नवरा कारखान्यात होता. रिटायर झाल्यावर आम्ही नेहरू नगरच्या मागच्या अंगाले छोटंसं घर बांधलं, आणि पाहते तं काय, तीच पांदण माझ्या गल्लीच्या तोंडाशी. मले किती आनंद झाला म्हणून सांगू! घर पाहायले आलेले पाहुणे टाइल्स पाहत होते आणि मी त्यायले मागच्या दारातून मातीची वाट दाखवून राहिली होती.

तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी बाई तिकडून निघायची आणि मी इकडून. भेटायची जागा ठरलेली नाही. थांबायचं नाही, चालत राहायचं, भेट होईल तिथं होईल, हा आमचा नियम. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, पण अर्ध्या वाटेवरच्या तलावाच्या अलीकडे भेट झाली तं ती जिंकली आणि पलीकडे झाली तं मी. जिंकणारीनं हरणारीले टोमणे मारायचे. "काय वो, आज बैलाले चारा नाही टाकला का?" असं बाई म्हणायची. मंग तिथंच शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसायचं आणि बोलायचं. घरी जायचा दिवस वेगळा, हा दिवस बोलायचा.

काय बोलायचो? काहीही. आपल्या भाषेत बोलायचो, हे महत्त्वाचं. बाईच्या घरात आता कोणी मराठी बोलत नाही. सून वाईट नाही बरं का, चांगली आहे, पण हिंदीवाली आहे. पोरगा तिच्यासंगं हिंदीत बोलता बोलता आईसंगंही हिंदीतच बोलायले लागला. नातवंडं बाईचं बोलणं ऐकून खिदळतात, "दादी, ये कौन सी लँग्वेज है?" म्हणून विचारतात. तं बाई गप्प झाली. घरात तिचे चार शब्द उरले होते, खाना लगा दूँ, सो गए क्या, एवढेच. मी स्कूटीवरून तिच्या घरी गेली की ती सोफ्यावर माझ्या बाजूले बसते आणि मलेही विचारते, "और, सब ठीक?" अंगावर काटा येते माझ्या! माझी बहीण मले 'सब ठीक' विचारते! पांदणीवर मात्र ती पहिल्यासारखीच होती, खळखळून हसायची, शिव्या द्यायची, रडायची. तिले तेवढी एकच जागा होती. म्हणून मी इतकी भांडली. कोणाले वाटलं म्हातारीले फिरायची हौस आहे, तं वाटू द्या.

दोन वर्षं झाली असतील. एका गुरुवारी निघाली तं वाटेच्या दोन्ही बाजूले विटांचे ढीग. शेतं विकली गेली, प्लॉट पडले, आणि आता नव्या कॉलनीच्या भोवताल भिंत. पांदण त्या भिंतीच्या पोटात. गणवेश घातलेला एक गार्ड खुर्ची टाकून बसला होता.

"अम्मा, इधर से रास्ता बंद होने वाला है," तो म्हणाला.

"कोण म्हणते?"

"साहब लोग."

"तं साहेबांले सांग, मी रोज नाही येत, गुरुवारीच येते. तेवढ्यासाठी भिंत कावून बांधून राहिले?"

तो हसला. मी नाही हसली.

घरी पोरगा म्हणाला, "आई, मी सोडत जाईन ना स्कूटीनं." मी म्हटलं, "तू मले बाईच्या घरी सोडशील. बाईजवळ नाही सोडू शकत." त्याले समजलं नाही. मीही जास्त समजावत बसली नाही, सरळ अर्ज लिहायले घेतला.

अर्ज हिंदीत लिहिला. नातीकडून शुद्धलेखन तपासून घेतलं. लिहिलं की अमुक ठिकाणापासून दुर्गापर्यंत जुनी पांदन आहे, गावचे लोक पिढ्यान्पिढ्या तिच्यावरून चालतात, ती बंद करू नये. तहसील कचेरीतल्या बाबूनं कागद वाचला, बाजूच्याले दाखवला आणि दोघं ओठ दाबून हसले. महिन्यानं उत्तर आलं. 'आवेदन में उल्लिखित पांदन नाम का कोई मार्ग अभिलेख में दर्ज नहीं है.' संपलं. बापाच्या बोटाले धरून जिच्यावरून चालली, तिले सरकारनं एका ओळीत नाही म्हणून टाकलं. उंटावरून शेळ्या हाकणारे हे! मी तो कागद मुठीत चुरगळला, मंग पुन्हा सरळ केला, कारण त्याच्यावर शिक्का होता.

बाईले फोन केला. ती म्हणाली, "जाऊ दे वो. आपल्या नशिबात तेवढंच होतं." मले असा राग आला की मी फोन ठेवून दिला. पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तलाव मागं पडला, वडाचं झाड मागं पडलं, चालता चालता मी दुर्गाच्या पहिल्या घरापर्यंत पोचली, तरी समोरून कोणी नाही. इतकं जिंकून मी कधी हरली नव्हती. तिथंच उभी राहून मी रडली, हो, भर रस्त्यात.

परत येताना भाजीवाली भेटली. डोक्यावर पाटी, पायात काही नाही. तिच्याशी माझा वर्षानुवर्षांचा रामराम. ती थांबली आणि तिच्या छत्तीसगढीत विचारलं, "कइसे दीदी, आज अकेल्ला? तोर बहिनी नइ आइस?"

मी तिले सगळं सांगतलं. भिंत सांगतली, अर्ज सांगतला, उत्तर सांगतलं. ती शांतपणे ऐकत होती. मंग म्हणाली, "पांदन? वो का होथे?"

मी पायाखाली बोट दाखवलं.

"ए माय! एला तो धरसा कहिथन," ती म्हणाली. "कोनो ला पूछे घलो नइ?"

कोणाले विचारलं पण नाही? नाही विचारलं वो! लहानपणापासून मी या गाववाल्यायच्या वाटेवरून चालली, त्यायच्या शेतातली भाजी खुडली, त्यायले रामराम केला, आणि त्यायच्या वाटेचं नाव कधी विचारलं नाही. आपलं भंडाऱ्याचं नाव तिले चिकटवलं आणि वाटलं, जगात सगळे पांदणच म्हणत असतील. काखेत कळसा आणि गावाले वळसा, दुसरं काय! लाज वाटली मले. राग पण आला, आणि यावेळी तो स्वतःचाच आला. भाजीवालीनं पाटी उतरवली, मले पाणी पाजलं आणि कुठल्या खातेदाराच्या शेताशेजारून धरसा जाते, हे नावानिशी सांगतलं.

दुसरा अर्ज मी एका संध्याकाळी लिहिला. पांदण खोडली, धरसा लिहिलं. खाली भाजीवालीनं अंगठा दिला, तिच्या गावच्या अकरा बायायनं दिला. यावेळी बाबू हसला नाही. रेकॉर्ड काढलं तं धरसा तिथं होता, नकाशावर, तुटक रेघेनं, आमच्या गल्लीपासून थेट दुर्गापर्यंत. एका बुधवारी पटवारी साखळी घेऊन आला, मोजलं आणि म्हणाला, "धरसा तो है. पर आदेश आते-आते महीना लग जाएगा."

मी बाईले फोन करून हे सांगतलं. ती "बरं" म्हणाली. एवढंच.

आदेश नंतर आला, हे इथंच सांगून टाकते. धरसा मोकळा ठेवा असं त्यात लिहिलं होतं. पण भिंत थांबली ती मोजणीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आणि कागदानं नाही थांबली.

झालं असं की विटांचा ट्रॅक्टर आत न्यायले त्यायनं धरशाच्या तोंडाशी भिंतीत गाडीभर जागा सोडली होती. पटवाऱ्याचं बोलणं ठेकेदारानं ऐकलं होतं. महिन्याभरात आदेश येते तं आजच बुजवून टाका, असा त्याचा हिशेब. सकाळी मी पोचली तं मिस्त्री त्या जागेत विटा लावून राहिले होते. तीन थर झाले होते. चोर तो चोर, वर शिरजोर! मी ठेकेदाराले म्हटलं, "काल मोजणी झाली, तुह्या डोळ्यादेखत झाली." तो म्हणाला, "अम्मा, आदेश लाओ, फिर बात करो." गार्ड तिसरीकडे पाहून राहिला. मी ओरडली, मिस्त्रीच्या हातातली थापी धरली, त्यानं हळूच सोडवून घेतली. चौथा थर सुरू झाला. खरं सांगते, त्यावेळी माझं अवसान गळालं. आवाज फार होता माझ्याकडे, पण विटेपुढं आवाज काय करते?

तेवढ्यात पलीकडून बाई आली. दुर्गाकडून, एकटी, पायी. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. विटांकडे पाहिलं. हातातली पिशवी खाली ठेवली, लुगडं थोडं वर धरलं आणि त्या ओल्या सिमेंटवर, तीन थरांच्या भिंतीवर, मधोमध जाऊन बसली. धुतलेलं लुगडं होतं तिचं. मिस्त्री वीट हातात घेऊन तसाच उभा राहिला. कोणाच्या आईच्या मांडीवर वीट लावणार?

ठेकेदारानं "माताजी, उठिए" म्हणून पाहिलं. बाई जशी बहिरीच. गावातल्या बाया जमल्या, भाजीवाली पाटी घेऊन आली, कॉलनीतले दोन-चार जण मोबाइल काढून उभे. ओळखीच्या कोणी तरी बाईच्या पोराले फोन केला असेल, तो मोटरसायकलवर आला. चांगला चाळिशीचा माणूस, ऑफिसच्या कपड्यात, घामाघूम. जवळ येऊन वाकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मम्मी, घर चलो. सब देख रहे हैं."

बाईनं त्याच्याकडे वर पाहिलं. किती वर्षांनी ती त्याच्याशी मराठीत बोलली, कोणास ठाऊक. आवाज मोठा होता. आमच्या लहानपणीचा होता.

"पाहू दे. तुह्या घरात मले कोणी पाहत नाही. इथं तं पाहून राहिले."

तिच्या पोराचं तोंड लाल झालं. त्यानं आजूबाजूले पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मंग शब्द आठवत आठवत, लहान पोरासारखं अडखळत विचारलं, "किती वेळ बसणार, आई?"

"ही भिंत निघत नाही तवर," बाई म्हणाली. "तुले बसायचं तं बस माह्याजवळ. नाही तं वाटेतून सर."