मागच्या सीटचे बूट

ताईने आयुष्यात हजारो हाडं पाहिली, पण धाकट्या भावाचं मोडलेलं कॉलरबोन स्वतःच्याच मशीनवर पाहिलं तेव्हा तिने नजर फिरवली. हॉस्पिटलात ती एक्स-रे काढते. "श्वास धरा, हलू नका," हे वाक्य ती झोपेतही म्हणत असेल. त्या दिवशी श्वास तिनेच धरला होता, आणि टेबलावर आडवा पडलेला बारक्या उलट तिलाच हसवायला बघत होता.

बारक्या म्हणजे तो भाऊ. सहा फुटांचा, चाळिशी उलटलेला गडी, पण घरात एकदा नाव पडलं ते पडलं. तरुणपणीच त्याचे डोळे गेले. पाणीपुरवठा खात्यात तो तक्रारींचे फोन घेतो. दिवसभर लोकांच्या शिव्या कानांत साठवायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणायचं, "ताई, काढ गाडी." गाडी म्हणजे दोन सीटची सायकल. वळवणं आणि ब्रेक पुढच्याकडे, मागच्याने नुसतं दामटायचं. दोघांची पेडल साखळीने एकमेकांना बांधलेली. एकाची फिरली की दुसऱ्याची फिरणारच, पाय त्यांवर असोत की नसोत.

पडलो ते माझ्यामुळे, असं ताई म्हणते, आणि ते खोटं नाही. दोघांचे बूट क्लिपचे होते. तळाला लोखंडी तुकडा असतो, तो पेडलमध्ये खट्टकन अडकतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. सिग्नलला ताईची टाच वळलीच नाही. उभ्या सायकलीसकट दोघं आडवे. तिला साधं खरचटलंही नाही, पण बारक्याचा खांदा फुटपाथच्या कडेवर आदळला.

हाड जुळलं आणि बारक्याचं "काढ गाडी" पुन्हा सुरू झालं. ताई मात्र ताकसुद्धा फुंकून प्यायला लागली होती. आज टायरात हवा नाही, उद्या पाठ धरली, परवा ड्युटी. अशातच सायकल क्लबचे सेक्रेटरी घरी आले. त्यांना भारी सहानुभूती.

"आमच्याकडे एक तगडा गडी आहे, पुढे बसायला तयार आहे," ते म्हणाले. "ताई, तुम्हालाही जरा आराम."

बारक्या म्हणाला, "बघतो. रविवारी ताईबरोबर एकदा जाऊन येतो, मग सांगतो."

त्याचं ते "बघतो" ताईला टोचलं. पुढची सीट इतकी वर्षं तिची होती. तिच्या मागे बसून कुठे चाललोय असं त्याने कधी विचारलं नव्हतं. आता तो दुसऱ्या कोणाच्या पाठीमागे बसला, तर त्याला दोष तरी कुठल्या तोंडाने द्यायचा?

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपताच ती एकटीच सायकलच्या दुकानात गेली. दुकानवाला हातावरचं काळं तेल चिंधीला पुसत ऐकत होता. त्याने रुंद सपाट पेडल काढून दाखवली. वर बारीक स्क्रूची टोकं उभी होती. "ही टोकं तळव्याला धरून ठेवतात. पाय केव्हाही उचला, केव्हाही टेका. बुटाचा तळ मात्र सपाट पाहिजे. धावायचे बूट नकोत, त्यांत गादी असते, पाय डुगडुगतो. आणि मागे बसतात त्यांना घेऊन या, त्यांच्या पायाला काय लागतं ते बघू."

"त्याच्या पायाचा नंबर मला पाठ आहे," ताई म्हणाली, आणि आपलंच घोडं पुढे दामटून डोंगर चढायच्या बुटांचे दोन जोड उचलून आणले. जाड तळ, खोल खाचा. पकड चांगली असणार! दुकानवाला काहीतरी सांगायला गेला, पण हिची घाई बघून गप्प बसला.

घरी बारक्याने पेडलवरून बोटं फिरवली. "माझ्या क्लिपा?"

"काढल्या. दोघांच्याही. आता कधी अडकायला नको."

बुटाची नाडी बांधायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

शनिवारी जवळच एक फेरी झाली. ताई खुशीत होती. प्रत्येक सिग्नलला पाय आपोआप खाली येत होता. पुलाच्या उतारावर मागचं वजन क्षणभर नाहीसं झाल्यासारखं वाटलं, पण बारक्या गप्प होता, म्हणजे सगळं ठीक असणार. संध्याकाळी ती टॉवेल द्यायला न्हाणीघराच्या दाराशी गेली, तर बारक्या स्टुलावर बसून पायावरून मोजा सोलून काढत होता. रक्ताने तो नडगीला चिकटला होता.

"कधी लागलं हे?"

"पुलावर. पाय निसटला, पेडल फिरत होतं."

"आणि तोंडातून एक शब्द नाही?" ताईचा आवाज चढला. "अरे, ओरडायचंस की!"

"ओरडलो असतो तर तू सायकल थांबवली असतीस. हाताला धरून चालवत घरी आणलं असतंस. आणि उद्या सायकल विकायला काढली असतीस."

"तुझ्याच काळजीपोटी केलं ना मी सगळं!"

"मला विचारलंस?" तो शांतपणेच बोलत होता, तेच जास्त झोंबत होतं. "तू मागे वळून बघू शकतेस. मला पेडल कुठे आहे ते पायालाच कळतं. एवढ्या जाड तळातून काय कळणार, डोंबल?"

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. औषधाचा बोळा नडगीवर दाबता दाबता तिने विचारलं, "क्लिपा परत लावू तुझ्या?"

"नको. तू पडलीस की मी अडकलेला असतो, ते मलाही नको. सपाट पेडल चालतील. बूट मात्र माझे मी घेणार."

दुकान बंद व्हायच्या आत दोघं पोचले. बारक्याने मोजे काढून पाऊण दुकान खाली उतरवलं. शेवटी एक पातळ, सपाट, जरा चिकट रबराचा तळ असलेला जोड त्याने पायात चढवला आणि एकेक पेडल जमिनीवर ठेवून त्यावर उभा राहिला. सगळ्यांत लांब टोकांचं पेडल त्याने निवडलं.

"अरे, घसरलास तर या टोकांनी नडगीचा कीस निघेल," ताई म्हणाली.

"नडगी माझी आहे."

दुकानवाल्याने तोंड फडताळाकडे फिरवलं. खांदे हलताना दिसतच होते.

रविवारी ते मोठ्या रस्त्याला लागले. चढावर बारक्याने अशी ताकद लावली की ताईला नुसतं वळवण्यापुरतंच काम राहिलं. मग उतार आला. सायकलीने वेग घेतला, मागे एक ट्रक लागला होता, आणि समोर रस्ता खणून बुजवलेला लांबच लांब पट्टा दिसला. "खडबडीत आहे, धर!" ताई ओरडली. चाक दणादण उडालं.

"ताई, उजवा पाय सुटला."

तिची बोटं ब्रेकवर गेलीच. एकाच पायावर तोललेला माणूस. करकचून ब्रेक लागला तर तो सरळ तिच्या पाठीवर येणार आणि दोघं ट्रकपुढे. हे तिला कळत होतं, पण बोटांना कळत नव्हतं.

"ब्रेक नको! पेडल आडवी धर, हलवू नकोस."

तिने दोन्ही पाय घट्ट रोवून एक पेडल पुढे, एक मागे अशी आडवी धरली. ट्रकचा हॉर्न कानाशी आला. साखळीतून तळव्याखाली तिला भावाचा पाय चाचपडताना जाणवत होता. लागला, हुकला, पुन्हा लागला. ब्रेकवरची बोटं तिने एकेक करून सैल केली. आयुष्यात इतकं अवघड काम तिने केलं नव्हतं.

मग मागचं वजन एकदम पेडलवर आलं.

"आलो," बारक्या म्हणाला.

ट्रक बाजूने धडधडत निघून गेला. उतार संपल्यावर ताईने सायकल कडेला घेतली, एक पाय जमिनीवर टेकला आणि रडायला लागली. पाय लटपटत होता, त्याबरोबर सायकलही डुलत होती.

"का थांबलीस?"

"मला भीती वाटली म्हणून. तुझ्यासाठी नाही थांबले, माझ्यासाठी."

"बरं, थांब मग. घाई नाही." थोड्या वेळाने तो म्हणाला, "उद्या सेक्रेटरींना फोन करतो. तो तगडा गडी दुसऱ्या कोणाला द्या म्हणावं."

ताईने डोळे पुसत मागे पाहिलं. पेडल सपाट होती, त्याला दोन्ही पाय सहज खाली टेकता आले असते. त्याने एकही टेकला नव्हता. तिच्या त्या लटपटत्या पायाच्या भरवशावर तो आरामात वर बसून होता.