चार नंबरचं मशीन

सीडी कशी पुसावी हे मला त्याने शिकवलं. मधल्या भोकात करंगळी घालायची, दोनदा तोंडाची वाफ सोडायची आणि सदऱ्याच्या टोकाने मधून काठाकडे सरळ ओढत न्यायचं. गोल फिरवायचं नाही. "गोल पुसलं का रेघ पडते सर, अन् रेघ पडली का गाव अर्धंच उघडते." दुपारच्या जेवणाची ताटंसुद्धा तो अशीच पुसायचा. ताटांना गोल पुसलेलं चालतं असं मी त्याला सांगून पाहिलं. पण हाताला एकदा वळण पडलं की तो हात ताट आणि सीडी असा भेद करत नाही.

आमची शाळा तेलंगणातली, आदिलाबादजवळच्या बेल्याकडची, मराठी माध्यमाची. शिवारातून मोटारसायकलने पाच मिनिटं गेलं की महाराष्ट्र लागतो. मी मुख्याध्यापक होतो आणि मराठीही शिकवायचो. तो संगणकाच्या खोलीवर ऑपरेटर होता, कंत्राटी, चाळिशीला आलेला. या खोलीचं उद्घाटन थाटात झालं होतं. फीत कापायला कात्री सापडेना, तेव्हा पाहुण्यांनी फितीची गाठ सोडली आणि तरीही टाळ्या झाल्या. त्यानंतर खोलीत काय चालतं याची चौकशी कुणी केली नाही. मीही नाही.

तिथे चालायचा तो एक खेळ. पंचवीसेक वर्षांपूर्वीचा. रानात गाव वसवायचं, विहीर खणायची, गोदाम बांधायचं, माणसांना कामाला लावायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांचं पगाराचं काम एक असतं आणि जिवाचं दुसरं. आदिलाबादला कॉलेजात असताना त्याने ही सीडी घेतली होती. पुढे संगणक बदलले आणि नव्या मशीनवर तो खेळ उघडेनासा झाला. ज्यांनी तो बनवला होता त्यांना आता त्याच्याशी घेणंदेणं राहिलं नव्हतं.

"मग आता कसा चालतो?" मी एकदा विचारलं.

"माल जुना, बंडी नवी सर," तो म्हणाला. "चित्रं, आवाज, नकाशे, हे सारं या सीडीतलंच. पन थे वाहून नेनारी बैलबंडी मोडली होती. मंग जगातल्या काही लोकाईनं मिळून नवी बंडी केली. फुकट. आपआपल्या घरी बसून."

"त्यांना काय मिळतं?"

त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "खेळ चालते ना सर."

या लोकांना तो 'माही मंडळी' म्हणायचा. एकाचंही तोंड त्याने पाहिलेलं नव्हतं. सगळे टोपणनावांनी वावरायचे. नवी आवृत्ती निघाली की हा चार नंबरच्या मशीनवर ती चालवून बघायचा आणि जे बिघडलं असेल ते त्यांना इंग्रजीत लिहून कळवायचा. एकदा त्याने कळवलं की विहिरीजवळ बंडी उभी केली तर ती रिकामी असूनही भरलेली दिसते. मंडळींनी ते दोन दिवसांत दुरुस्त केलं. शाळेच्या हातपंपाबद्दल मी मंडल कार्यालयाला तीन अर्ज दिले होते, त्यांचं उत्तर तेव्हा यायचं होतं.

मग त्याने मराठीचं काम घेतलं. खेळ सुरू करताना भाषा निवडायची यादी येते. त्या यादीत हिंदी आली होती, तेलुगू आली होती.

"मराठी पायजे सर," तो म्हणाला. "हैदराबादवाले आपल्याले महाराष्ट्रातले समजतात, महाराष्ट्रवाले तेलंगणातले. कुठल्या तं यादीत नाव याव."

खेळातली सगळी वाक्यं मराठीत करायला त्याला दोन वर्षं लागली. शाळा सुटल्यावर तासभर बसायचा, रविवारी शेतातून येऊन बसायचा. अधूनमधून माझ्याकडे यायचा. "सर, कामगार उपलब्ध नाहीत असं लिवू का मानसं कमी पडून राह्यली असं?" मी पुस्तकातलं सांगायचो. तो मान डोलवायचा आणि दुसरं लिहायचा, असा मला संशय आहे. आज वाटतं, त्याचं बरोबर होतं. त्या गावातली माणसं विहीर खणत होती, अर्ज लिहीत नव्हती.

काम पुरं झालं तेव्हा तो म्हणाला, "सर, आता तुमी एक डाव नजर फिरवा. मंग पाठवतो."

"मी कशाला? पाठव की."

"नाही सर. तुमची नजर फिरल्याबिगर नाही. बाहेरच्या लोकाईले आपली भाषा चुकीची काऊन दाखवा?"

मी 'पाहू' म्हणालो. हा शब्द मी आठ महिने वापरला. खरं सांगायचं तर मला ते सगळं हास्यास्पद वाटत होतं. मोठ्या माणसांच्या डामडौलाची मी आयुष्यभर टिंगल केली. त्या सवयीत मला वाटू लागलं होतं की माझ्या टेबलापलीकडचं जे जे आहे ते सगळं टिंगलीच्याच लायकीचं. आणि आणखी एक गोष्ट होती, ती लिहायला जड जाते. त्याचे वडील आमच्या घरी सालदार होते. लहानपणी तो त्यांच्यासोबत आमच्या खळ्यावर यायचा. त्याच्या कामावर नजर फिरवायची ती मी फिरवीन तेव्हा, हे मी कधी बोललो नाही. बोलावं लागलं नाही.

त्या हिवाळ्यात मुआयना आला. तपासणीला आमच्याकडे अजून निजामाच्या वेळचा हाच शब्द आहे, आणि पद्धतही बरीचशी तीच. दगडांना चुना लागतो, फाटके नकाशे कपाटामागे जातात, मुलांना नखं कापून यायला सांगतात. या सगळ्या सोंगावर मी स्टाफरूममध्ये चांगली पंधरा मिनिटं बोललो, लोक हसले, आणि मग मीही सफाईला लागलो. ऑपरेटर त्या दिवशी कागद आणायला मंडल कार्यालयात गेला होता. संगणकांचा पासवर्ड दोघांनाच माहीत होता, त्याला आणि मला. चार नंबरवर 'खेळ' नावाचं फोल्डर दिसलं. साहेबांना शाळेच्या मशीनवर खेळ दिसायला नको, म्हणून मी ते पुसलं. कचरापेटीही रिकामी केली, कारण काम अर्धवट ठेवायची मला सवय नाही.

साहेब आले, शहाळं प्यायले, संडास किती ते विचारलं, सही करून गेले. संगणकाच्या खोलीत ते आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात उभा राहिला. आत ये म्हटल्याशिवाय तो आत येत नसे.

"सर, चार नंबरमधलं फोल्डर दिसून नाही राह्यलं."

"कुठलं?"

"मराठीचं. सारं त्याच्यातच होतं."

मी हजेरीपटावरून मान वर केली नाही. "दुसरीकडे ठेवलं नव्हतं?"

"पेनड्राइव्हमधी होतं सर. थो इलेक्शनच्या कामाले नेला, वापस नाही आला."

तो पेनड्राइव्ह इलेक्शनवाल्यांना मीच दिला होता. शाळेचा आहे असं सांगून.

"मग व्हायरस असेल," मी म्हणालो. "आजकाल फार आलेत."

"हो सर," तो म्हणाला आणि गेला. एवढ्यावर ते मिटेल असं मला वाटलं होतं. माणूस खोटं बोलतो तेव्हा ते खोलीबाहेर जाणार नाही असंच धरून चालतो.

पण त्याने इमानाने मंडळींना कळवलं की आपल्या मशीनवर व्हायरस शिरला आहे. त्याच मशीनवर त्यांचा खेळ होता, तेव्हा त्यांना वाटलं, आपण बनवलेल्यातच काही शिरलं असेल तर? त्यांनी नवी आवृत्ती देणं थांबवलं. त्यांच्यात एक निवृत्त म्हातारा होता, कुठल्याशा थंड देशातला. तो एकेक फाइल उघडून तपासू लागला.

ऑपरेटर रोज दुपारी मला बातमी द्यायचा. "सर, काल म्हातारा तेरा घंटे बसला. त्याची बायको दवाखान्यात हाय, तरी."

"परदेशी लोक चिकाटीचे असतात," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी, "अजून नाही सापडला सर."

"सापडेल."

हे दहा-बारा दिवस चाललं. एका वाक्यात थांबवता आलं असतं. ते वाक्य मी रोज घरून ठरवून निघायचो आणि शाळेच्या फाटकापर्यंत ते 'असो'वर यायचं. मग एके दिवशी तो बातमी द्यायला आला नाही. मीच विचारलं, "सापडला का व्हायरस?"

"मिटलं सर," तो म्हणाला.

मला फार हलकं वाटलं. कसं मिटलं, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर चार नंबर बहुतेक बंदच असायचं. तो नोंदी भरायचा, पोरांना चित्रं काढायला शिकवायचा, घंटा झाली की घरी जायचा. वर्ष संपलं तसं त्याचं कंत्राटही संपलं. ते मात्र मी केलं नाही, सरकारने केलं. निरोपाला मी चार शब्द बोललो, चांगले बोललो असं लोक म्हणाले. त्याने उत्तरादाखल फक्त खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "दोन नंबरचा पंखा आवाज करते सर. धूळ काढून घ्या."

उन्हाळ्यात निर्मलला जाताना बस इचोड्याला थांबली. हमरस्त्यावर ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे, तिथे तो संगणकासमोर बसलेला दिसला. मी उतरलो. त्याने उठून स्टूल दिलं, चहा मागवला. घरच्यांची विचारपूस झाली. मग मी म्हणालो, "मराठीचं काय केलंस? पुन्हा सुरू कर की. या खेपेला मी बघतो."

"नाही सर. तेथं आता माहा भरोसा नाही राह्यला."

"का बरं?"

"जाऊ द्या ना सर. बस निघून राह्यली तुमची."

खरंच निघत होती.

परत आल्यावर मी चार नंबर सुरू केलं. मंडळींचा सगळा पत्रव्यवहार उघडा असतो, कुणालाही वाचता येतो. शोधायला मला अर्धा तास लागला. व्हायरसवरची चर्चा लांबलचक होती. शेवटाकडे म्हाताऱ्याने विचारलं होतं, तुझ्या मशीनचा पासवर्ड आणखी कुणाला माहीत आहे का? त्याने लिहिलं होतं, फक्त मला. आणि खाली: व्हायरस नाही. फोल्डर मी स्वतःच चुकून पुसलं आणि तुम्हाला खोटं सांगितलं. कृपा करून शोधू नका. तुम्ही घरी लक्ष द्या. सर्वांची माफी.

त्याच्या त्या पाच ओळींच्या इंग्रजीत दोन चुका होत्या. मला आधी त्या दिसल्या. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण माझ्याविषयी यापेक्षा नेमकं काही मला सांगता येणार नाही.

मंडळींचं उत्तर सभ्य होतं. सांगितल्याबद्दल आभार मानले होते. पण एवढे दिवस खोटं चालू ठेवणाऱ्याकडे तपासणीचं काम देता येणार नाही, आणि मराठीही तूर्त घेता येणार नाही, असं म्हटलं होतं. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांनी योग्य न्याय केला, फक्त आरोपी बदलला होता. त्याने तो बदलला होता, जाणूनबुजून, आणि कदाचित माझ्यासाठी नव्हेच. त्या म्हाताऱ्याने दवाखान्यात जावं म्हणून.

मी लिहायला बसलो. आधी लिहिलं की सदर फोल्डर तपासणीच्या धावपळीत अनवधानाने नष्ट झाल्याचे निदर्शनास आले आहे. वाचून पाहिलं. हा साहेबांचा आवाज होता, ज्याची मी स्टाफरूममध्ये नक्कल करतो. खोडलं. चार दिवस असंच चाललं. पाचव्या दिवशी लिहिलं: फोल्डर मी पुसलं. व्हायरसचं खोटं मी सांगितलं. त्याला ते ठाऊक होतं आणि त्याने माझं नाव घेतलं नाही. खाली माझं पूर्ण नाव आणि हुद्दा लिहिला. मग हुद्दा काढून टाकला.

तिसऱ्या दिवशी मंडळींचं उत्तर आलं. त्याचं काम त्याला परत दिलं होतं. मराठीसाठी जागा ठेवतो, त्याला कळवा, असं लिहिलं होतं. मी लगेच फोन लावला.

मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. मी सगळं सांगितलं, क्रमाने, काही न वगळता.

"लिवलं थे बरं केलं सर," तो शेवटी म्हणाला. "पन आता मले सवड नाही."

"सवड काढ. मी मदत करतो. तुझ्यासोबत बसून करतो."

"आठ महिने होती सर सवड. तवा तुमी पाहू म्हनले."

आवाजात राग नव्हता. एखाद्या गिऱ्हाइकाला हा भाग आता येत नाही असं सांगावं, तसा आवाज होता. मी म्हणालो, "माझं चुकलं, मी तुला..."

"गिऱ्हाईक हाय सर," तो म्हणाला. "ठेवतो."

इतक्या वर्षांत त्याने माझं बोलणं कधी मध्येच तोडलं नव्हतं. मी फोन कानाला तसाच धरून बसलो होतो. मग तो बाजूला ठेवला.