तीन गाळ्यांची मोरी

रस्त्याच्या कामावर किस्से मुरमासारखे पडतात. रोज एखादा डंपर ओतून जातो, कोणाचं लक्ष नसतं, आणि एक दिवस पाहावं तर ढिगाआडचा माणूस दिसत नाही! मी अमरावती-अकोला हायवेच्या चौपदरीकरणावर सर्व्हेअर होतो. उंच-सखल मोजायचं, खुंट्या ठोकायच्या आणि साहेबांच्या शिव्या खायच्या, अशी तिहेरी नोकरी. आमची टोळी मला धरून तिघांची. दुसरे साहेब, तिसरा भाऊराव.

*

साहेब म्हणजे शेखावतसाहेब. राजस्थानातून आलेले. वाळवंटातून जाणाऱ्या मोठ्या हायवेवर त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. पहिल्याच दिवशी चहा घेताना त्यांनी त्या रस्त्याचा इतिहास सांगितला. "पहले ऊँट चले, कुएँ से कुएँ तक. उनके पीछे बैलगाड़ी, फिर फौज के ट्रक, फिर हम. नक्शा सबसे आख़िर में आया!" रोज सकाळी वाळू बाजूला सारायची आणि रस्ता कुठे गेला ते शोधायचं, हे त्यांचं तिथलं काम.

भाऊराव आमचा खलाशी. म्हणजे उंची मोजायची पट्टी हातात धरून शेतात, नाल्यात, काट्यात उभा राहणारा माणूस. रस्त्याला लागूनच असलेल्या पिंपळझरी वस्तीवरचा. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमचा रस्ता कापसाच्या बैलबंड्यायनं केला साहेब. जिथं बंडी फसली नाही, तिथून रस्ता गेला."

साहेब हसले, आणि चहानंतर साइटवर पोचताच जीपमधून थेट काळ्या मातीत उतरले. आदल्या दिवशी अवकाळी झोडपून गेला होता. पाय वर आला, बूट आतच राहिला!

भाऊराव शांतपणे म्हणाला, "दुसराबी काहाडून ठेवा साहेब. एकाचं काय करता?"

*

त्याच महिन्यात, म्हणजे मेमध्ये, साहेबांनी शेताच्या कडेला सिमेंटमध्ये एक दगड बसवला. याला बेंचमार्क म्हणतात. रस्त्याची, पुलांची सगळी उंची या एका दगडापासून मोजायची, म्हणून तो हलता कामा नये.

"इथं नका लावू साहेब," भाऊराव म्हणाला. "जुन्या लोकायनं देवळाच्या जोत्यावर खूण केली हाय. तिथं खाली खडक हाय."

"यह पत्थर मेरे बाद भी यहीं रहेगा," साहेब म्हणाले.

जुलैत माझी मोजणी जुळेना. तीनदा मोजलं, तिन्हीदा फरक! साहेब सगळ्यांसमोर ओरडले, "वानखडे, मशीन ख़राब है या आँखें?" नोकरी जाते की काय म्हणून मी पुन्हा यंत्र उभं केलं. चौथ्यांदा भाऊरावच्या सांगण्यावरून देवळाच्या जोत्यापासून मोजलं, तेव्हा उलगडा झाला. काळी माती पाणी पिऊन फुगली होती आणि साहेबांचा दगड बोटभर वर आला होता.

साहेबांनी दगडाभोवती दोन चकरा मारल्या. "पत्थर कभी चढ़ता है क्या?"

"काळजी नका करू," भाऊराव म्हणाला, "उन्हाळ्यात उतरते."

*

पिंपळझरीजवळ जुना रस्ता एकदम वळण घेतो. का घेतो, याला गावात जितकी तोंडं तितकी उत्तरं. एक म्हणे इंग्रजाचा घोडा इथे बुजला. दुसरा म्हणे कुणा पाटलानं आंब्याचं झाड तोडू दिलं नाही. भाऊरावचं उत्तर सगळ्यात रटाळ होतं, म्हणून कोणी ऐकत नसे. "तिथं नाला हाय. रस्ता त्याले भिऊन वळला."

नाला म्हणजे एक कोरडी घळ. तिच्यावर जुन्या रस्त्याला तीन गाळ्यांची मोरी होती. रस्त्याखालून पाणी जायला जी वाट ठेवतात तिला आम्ही मोरी म्हणतो, आणि तिच्या एकेका तोंडाला गाळा. नवीन हायवे मात्र सरळ जाणार होता, दोन पुरुष उंच भरावावरून. आणि नकाशात तीन गाळ्यांच्या जागी एक पाइप दाखवला होता!

भाऊराव पट्टी टाकून समोर आला. इतका कासावीस झालेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. भरावाच्या वरच्या अंगाला त्याची वस्ती. पाइपानं पाणी अडलं तर पहिलं त्याच्या घरात शिरणार, आणि घरात लेक बाळंतपणाला आलेली.

"साहेब, एका पाइपात नाही मावत ते पाणी."

साहेबांनी घळीत पाहिलं. बाभळी, दगड, एक शेळी. "पानी कहाँ है?"

"येते साहेब."

"कब?"

"आलं की सांगतो."

*

तरी मी हेड ऑफिसला पत्र पाठवलं, की तीन गाळे ठेवा. उत्तर आलं, 'पाण्याचा फोटो जोडावा.' त्या वर्षी पाऊस नुसता रिपरिप करून राहिलेला. घळीत पाणी कुठून आणू? मी शेळीचा फोटो काढून परत आलो.

भाऊरावनं मला घरी नेलं. त्याच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला गेरूची लाल रेघ होती. त्याच्या बापाच्या काळात नाला तिथपर्यंत चढला होता. दरवर्षी पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून झाली, की उरलेल्या गेरूनं ही रेघ पुन्हा ओढायची, असा त्यांच्या घरचा रिवाज. बैल विकले, ट्रॅक्टर आला, पण गेरू अजून आणतात.

मी यंत्र लावलं. रेघ नव्या पाइपाच्या माथ्यापेक्षा चांगली दीड हात वर निघाली! तेवढं पाणी आलं की पाइप पार बुडणार. आत पाळण्यात भाऊरावची नात रडत होती.

सगळे आकडे पाठवले. हेड ऑफिसचं उत्तर चार शब्दांचं होतं. 'गेरू हा पुरावा नाही.'

*

ते उत्तर वाचून साहेबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग त्यांनी त्यांच्या वाळवंटातला एक किस्सा सांगितला. हसण्याचा नव्हता, पण सांगतो.

तिकडे हायवे एका सखल जागेतून जायचा. साहेबांनी ती भरून सपाट करायला घेतली. एक म्हातारा रोज काठी घेऊन यायचा. काठीवर खाच होती. एवढं पाणी येतं, भरू नका, म्हणायचा. साहेब त्याला चहा पाजून परत पाठवायचे. भराव झाला. पुढे कितीतरी वर्षं थेंब नाही, साहेबांचं कौतुक झालं. मग एका पावसाळ्यात पाणी आलं, भरावाला अडलं आणि मागची ढाणी, म्हणजे म्हाताऱ्याची वस्ती, बुडाली.

"पानी उतरा तो बूढ़ा फिर आया," साहेब म्हणाले. "वही लाठी लेकर. बोला, साहब, अब नाप लो."

एवढं बोलून ते उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा रिपोर्ट मीच टाइप केला. 'बेंचमार्क हलल्याचे आढळले. फेरमोजणी होईपर्यंत पिंपळझरी येथील भराव स्थगित.' मी म्हटलं, "साहेब, ती चूक तर आपण कधीच सुधारली! जोत्यापासून सगळं मोजून झालंय."

"टाइप करो," साहेब म्हणाले.

*

तो दगड मग आठवड्यामागून आठवडे हलत राहिला! दर सोमवारी रिपोर्ट, दर सोमवारी स्थगित. दोन्ही बाजूंनी भराव येऊन थांबला होता आणि मध्ये घळीवर खिंडार तसंच मोकळं होतं. अख्ख्या टप्प्यात तेवढंच काम बाकी.

सप्टेंबरात हेड ऑफिसचे मोठे साहेब स्वतः आले. साइट ऑफिसात बसायच्या आधीच त्यांनी रिपोर्टांची चळत टेबलावर आपटली.

"एका दगडासाठी हायवे अडवलाय तुम्ही? डंपर भरून उभे आहेत. बारा वाजायच्या आत पाइप टाका, खिंडार बुजवा. नाहीतर राजस्थानचं तिकीट काढा!"

शेखावतसाहेब उभेच होते. "सर, वहाँ पानी आता है."

"कुठंय पाणी? मला दाखवा!" मोठ्या साहेबांनी खिडकीबाहेर बोट केलं. लख्ख ऊन पडलं होतं. वरच्या भागात दोन दिवस पाऊस आहे असं कोणीतरी सकाळी म्हणालं होतं, पण आमच्याकडे ढगही नव्हता. बाहेर डंपरवाल्यांनी इंजिनं सुरू केली. शेखावतसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी रिपोर्टांची चळत नीट लावायला घेतली.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. भाऊरावचा. साहेबांनी तो स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला. आधी नुसताच आवाज आला. घों घों. चालत्या रेल्वेच्या डब्यात बसल्यासारखा.

"साहेब," भाऊराव ओरडून बोलत होता, "आलं!"

"घर?" साहेबांनी विचारलं. "बच्ची?"

"समदे बरे हायेत, देवळात हायेत. रेघेच्या चार बोटं खाली हाय. तुमच्या खिंडारातून चाललं भरभरून."

साहेब खुर्चीत बसले. बाहेर बातमी पोचली आणि इंजिनं एकेक करून बंद झाली.

"आन् साहेब," फोनमधून भाऊराव म्हणाला, "मोठ्या सायबायले फोटो पायजे होता ना? उभा पाठवू का आडवा?"